पानिपतावरचं बोरन्हाण

"एक, दोन, तीन, चार, पाच, ड्रायव्हर सहा. कुणी राहिलं नाही ना?"

गाडीच्या उघड्या दाराशी उभे राहून अप्पांनी विचारलं. धुकं असं होतं की आमच्या इमारतीचे तिसऱ्या मजल्याच्या वरचे सगळे मजले रात्रीतून कुणी उचलून नेले असावेत. कुणी राहिलं असतं तरी दिसलं नसतं. पण माझे सासरे चौतीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. माणसं मोजल्याशिवाय ते लग्नाच्या पंगतीतूनसुद्धा उठत नसत. मोजून झाली की गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. टण्‌ टण्‌. ही त्यांची डबल बेल.

आमचा ड्रायव्हर सतबीर दचकून मागे वळला. "ताऊजी, कुछ टूटा क्या?"

"चलो," अप्पा म्हणाले, "पानिपत."

याला आता एकोणीस वर्षं होतील. मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली गुडगावला झाली होती आणि सासू-सासरे कऱ्हाडहून नातीला बघायला आले होते. निदान माई तरी नातीला बघायला आल्या होत्या. अप्पांनी स्टेशनावर उतरल्या उतरल्या जुईच्या गालाला बोट लावलं आणि मिलिंदला विचारलं, "पानिपत इथून किती किलोमीटर?"

"सव्वाशेच्या आसपास."

"म्हणजे कऱ्हाड-कोल्हापूरच्या दीडपट. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

ते का, हे सांगायला हवं. आमचं आडनाव पागे. पाग्यांचा एक पूर्वज पानिपतावर गेला आणि परत आला नाही. आडनावावरून त्याचा घोड्याशी संबंध होता एवढं नक्की. घोड्यावर बसायचा की घोड्याला खरारा करायचा, यावर मात्र भाऊबंदांत तीन पिढ्यांची भांडणं होती. अप्पा बसणाऱ्यांच्या बाजूचे. त्याचं नाव रामाजी, एवढंच सगळ्यांना मान्य होतं.

पानिपताची लढाई झाली चौदा जानेवारीला. म्हणून पाग्यांच्या घरात संक्रांत नाही. तिळगूळ नाही, गुळाची पोळी नाही, हळदीकुंकू नाही. त्या दिवशी रामाजीच्या नावाने एक पान मांडायचं, बाजरीची भाकरी, भाजी, वरणभात, आणि ते कावळ्याला ठेवायचं. बस्स. शेजारपाजारच्या बायका काळ्या साड्या नेसून मिरवत असताना आमच्याकडे दार लोटलेलं.

लग्नानंतरची पहिली संक्रांत अशी गेली तेव्हा मला गंमत वाटली होती. जुई झाल्यावर गंमत संपली.

जुई तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि जेवत नव्हती. डिसेंबरात ताप येऊन गेला, तो जाताना भूक घेऊन गेला. घास दिसला की तिचे ओठ कुलपासारखे बंद व्हायचे. डॉक्टरांच्या तक्त्यावरची छापील रेघ डोंगर चढत होती आणि माझ्या मुलीची रेघ पठारावर बसून राहिली होती. सात किलो आठशे. "पंधरा दिवस बघू," डॉक्टर म्हणाले होते, "नाही वाढलं तर तपासण्या करून घेऊ." ते पंधरा दिवस सोमवारी संपणार होते. तपासण्या कसल्या हे त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे मी सगळ्यांचाच विचार करून ठेवला होता.

माझ्या आईने नाशिकहून फोनवर निदान केलं. "बोरन्हाण केलं नाहीत तुम्ही गेल्या संक्रांतीला. म्हणून."

"आई, मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे."

"असशील. पार्सल पाठवलंय."

पार्सलात तिच्या जुन्या चंद्रकळेचा शिवलेला चिमुकला काळा फ्रॉक होता. हलव्याचे दागिने होते, मुकुट, हार, बाजूबंद. चुरमुरे होते, रेवड्या होत्या, आणि पाव किलो बोरं. संक्रांतीला लेकराला काळं नेसवायचं, हलव्याने मढवायचं आणि डोक्यावरून हे सगळं ओतायचं, म्हणजे वर्षभर दुखणं जवळ येत नाही. याला शास्त्रीय आधार शून्य. मी बोरं तीनदा धुतली, एकदा मिठाच्या पाण्यात.

आदल्या दिवशी मी धीर करून अप्पांना विचारलं होतं. "अप्पा, जुईचं बोरन्हाण... अगदी घरातल्या घरात?"

अप्पा रागावले नाहीत. ते कधीच रागवत नसत, नुसती फेरी रद्द झाल्याचं सांगत. "केतकी, आपल्याकडे संक्रांत नाही बेटा. दोनशे पंचेचाळीस वर्षं नाही."

त्यामुळे त्या सकाळी जुईच्या सामानाच्या पिशवीत सगळ्यात खाली काळा फ्रॉक होता. त्यावर दुपटी, उकळलेलं पाणी, थर्मामीटर, दोन प्रकारची तापाची औषधं, हात पुसायचं जंतुनाशक, आणि दुपट्यात गुंडाळलेली बोरं. माझा बेत साधा होता. अप्पा रामाजीत गुंतले की गाडीच्या आडोशाला दोन मिनिटं. फ्रॉक, मुकुट, पाच बोरं डोक्यावरून, संपलं. पानिपतावर कुणाचं लक्ष जाणार आहे बोरांकडे?

सोनिपतच्या पुढे माईंनी जुईचं दुपटं हवं म्हणून पिशवीत हात घातला. मी "थांबा, मी देते" म्हणेपर्यंत तो हात तळाशी पोचला होता. तिथे तो थोडा वेळ थांबला. मग वर आला, दुपटं घेऊन.

माई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "बोरं धुतलीस का?"

"तीनदा," मी म्हणाले.

"मग बरं."

एवढंच. त्यांच्या मांडीवर त्यांचा स्वतःचा पितळी डबा होता, रामाजीच्या पानाचा. पहाटे चारला उठून, मला स्वयंपाकघरात पाऊलही टाकू न देता, एकटीने केलेला. तो त्या कुणाला धरायलाही देत नव्हत्या.

पुढे सतबीर मिलिंदला विचारत होता, "भाईसाब, वहाँ है क्या? मैं तो इधर का ही हूँ। एक खंबा है बस। आप लोग हर साल इतनी दूर से खंबा देखने आते हो?"

मिलिंदने ते अप्पांकडे ढकललं. "सांगा अप्पा. खांब बघायला का जातोय आपण?"

अप्पांनी मफलर सारखा केला. "बघू तर खरं," म्हणाले.

काळा आंब म्हणतात त्या जागी आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि धुकं अजून गुडघ्याला चिकटत होतं. बाग, हिरवळ, जाळीचं कुंपण, मध्ये खांब. चहूबाजूला मोहरीची शेतं असावीत, वास येत होता, दिसत काहीच नव्हतं.

"आंबा कुठाय?" माईंनी विचारलं.

"झाड केव्हाच गेलं. रक्ताने काळं पडलं होतं म्हणतात."

"मग आता नुसता खांबच," माई म्हणाल्या. सतबीरने माझ्याकडे बघून 'मी सांगत नव्हतो का' असा चेहरा केला.

पण आम्ही एकटे नव्हतो. धुक्यातून मराठी ऐकू आलं, "अहो, माझी कानटोपी कुणी घेतली?", आणि पाठोपाठ बार्शीहून आलेली अख्खी बस प्रकट झाली. पंचवीस-तीस माणसं, फेटे, हार, एक भगवा झेंडा. म्होरके होते खर्डेकर सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी अप्पांना पाहताच "तुमचं कोण?" असं विचारलं. रुग्णालयाच्या पायरीवर विचारतात तसं.

"रामाजी पागे," अप्पा म्हणाले. "बारगीर." मग, बहुधा जागेचा मान राखून, "किंवा मोतद्दार. खरारा करणारे."

"आमच्या खापरपणज्यांचे चुलत पणजे. तोफखान्यावर. सापडले नाहीत."

"आमचेही नाही."

दोघे एकमेकांशेजारी उभे राहिले. माझ्या मनात आलं, हे लोक शोध घ्यायला आल्यासारखे दिसतायत. जणू आज तरी कुणी सापडेल.

हिरवळीच्या एका कडेला अप्पांनी गुडघ्यावर बसून जागा साफ केली. माईंनी डबा उघडला, पळसाची पत्रावळ मांडली. पांढरा भात, त्यावर वरण, मिसळीची भाजी, लोण्याचा गोळा, आणि तीळ लावलेली बाजरीची मोठी भाकरी. ती माईंनी ठेवली आणि जागच्या जागी दोनदा सारखी केली. अप्पांनी पाणी फिरवलं, हात जोडले.

"रामाजी," ते म्हणाले, "कऱ्हाडहून आलोय. तुमचा दहावा राहिला होता."

ही गोष्ट मला नवी होती. मी मिलिंदकडे पाहिलं. तो म्हणाला, "रामाजीच्या बायकोने करू दिला नाही म्हणे. नवरा परत येणार म्हणून बसली. म्हणून दहावा झालाच नाही. अप्पांना तो आज करायचाय."

दहाव्याला कावळा शिवावा लागतो. शिवला की आत्मा सुटला. आम्ही सगळे, बार्शीकरांसकट, पंधरा-वीस पावलं मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळा आला नाही.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. "धुक्यामुळे," मिलिंद म्हणाला. "काव काव करा," बार्शीच्या एका बाईंनी सुचवलं. खर्डेकर सरांनी दोन्ही हातांचा कर्णा करून उत्तम काव काव केलं. त्या आवाजाला एक कुत्रं आलं, त्याला हाकललं. मग धुक्यातून, मान डुलवत, एक मोर आला.

"मोर चालतो का?" मिलिंदने विचारलं.

यावर चर्चा झाली. सरांच्या मते मोर हा राष्ट्रीय पक्षी असल्याने हरकत नसावी. अप्पांच्या मते आरक्षण कावळ्याचं होतं. मोराने पानाभोवती अर्धी फेरी मारली, भाताकडे एका डोळ्याने पाहिलं आणि आमच्याकडे पाठ करून निघून गेला.

"काही इच्छा राहिली असणार," सरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "सांगा ना त्यांना, पुरवतो म्हणून. त्याशिवाय शिवत नाही कावळा."

"काय इच्छा असेल?" अप्पा खरंच विचारात पडले. "रामाजी... शेतीवाडी नीट आहे. मुलगा इंजिनियर आहे. नात आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. काही नाही.

"अटकेपार झेंडा लावू म्हणावं," सर म्हणाले.

"अटकेला जायला आता व्हिसा लागतो," मिलिंद म्हणाला.

"घोडा देऊ म्हणा!"

"आमच्याकडे स्कूटर आहे," माई म्हणाल्या. त्यांचं लक्ष मात्र कावळ्याकडे नव्हतं. पानाकडे होतं.

मग खर्डेकर सरांनी, अगदी सहज, घोळ घातला. "एक सांगू का पागे? मुळात त्या वर्षी संक्रांत आजच्या तारखेला नव्हतीच. संक्रांत पुढे सरकते. सतराशे एकसष्टला ती चार-एक दिवस आधी होऊन गेलेली होती. लढाई झाली त्या दिवशी तिथी होती पौष शुद्ध अष्टमी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या रामाजींचं खरं तर अष्टमीला करायला हवं. संक्रांतीचा संबंध नाही. मागाहून कुणीतरी तारखेवरून जुळवलं."

अप्पांचा चेहरा मी आजवर विसरलेले नाही. त्यांनी मफलर काढला, घडी केली, परत घातला. "म्हणजे आम्ही अडीचशे वर्षं," ते म्हणाले, "चुकीच्या थांब्यावर उभे आहोत?"

त्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटलं असावं की रामाजीची गाडी दुसरीकडूनच निघून गेली.

हीच वेळ, मी ठरवलं. वाईट वाटत होतं. पण सोमवारही होता. सगळ्यांचे डोळे आभाळाकडे किंवा अप्पांकडे. मी जुईला उचललं आणि हिरवळीच्या टोकाशी लावलेल्या गाडीमागे गेले. सतबीर पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला होता. मी जुईचं जाकीट काढलं, दोन स्वेटर तसेच ठेवून वरून काळा फ्रॉक घातला. हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. ती खुशीत होती. मुकुटातला एक दाणा काढून तिने तो माझ्या तोंडात कोंबला. स्वतः मात्र खाल्ला नाही.

"थांब हं राणी, आता बोरं."

बोरांचं दुपटं मी गच्च गाठ मारून बांधलं होतं. बोटं थंडीने आखडलेली. गाठ सुटेना. दातांनी सोडवली. वळून पाहते तर जुई नाही.

तिला चालायला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, म्हणून मी निर्धास्त होते, आणि मी निर्धास्त होणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे हे माझ्या ओळखीचं कुणीही सांगेल. गाडीच्या या बाजूला नाही. त्या बाजूला नाही. गाडीखाली नाही. रस्ता कुठल्या बाजूला? विहीर असेल का? कुत्रं कुठे गेलं? मी "जुई!" म्हणून ओरडणार, इतक्यात धुक्यापलीकडून तीस माणसांचा आवाज उठला.

"आला! आला! आला!"

"शिवला! पागे, शिवला!"

"अहो, पण केवढा कावळा आहे हा!"

मी धावले. सगळे एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. धुक्यात, पत्रावळीसमोर, काहीतरी काळं, गुबगुबीत बसलं होतं आणि मान खालीवर करत होतं. मग धुकं जरा विरलं, आणि त्या कावळ्याच्या डोक्यावरचा पांढरा मुकुट चमकला.

माझी मुलगी रामाजीच्या पानावर बसून जेवत होती.

जेवत होती. दोन्ही हातांनी. गाल फुगले होते, हनुवटीला लोणी होतं. तीन आठवडे चमच्याने, वाटीने, गाण्याने, विमानाने, चिऊकाऊने जे उघडलं नव्हतं ते तोंड आपण होऊन उघडत होतं, भरत होतं, पुन्हा उघडत होतं. मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. पहिली ही. दुसरी म्हणजे उघड्यावरची पत्रावळ, जिच्याजवळ अर्ध्या तासापूर्वी एक कुत्रं आणि एक मोर येऊन गेला होता. मी जंतुनाशकाची बाटली काढून झेपावले.

माझा पदर मागे ओढला गेला. माईंनी तो मुठीत धरला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "जेवतायत ते."

'ते' म्हणाल्या. मी थांबले.

अप्पा मात्र पुढे गेले. पानावरचं लेकराने उष्टावलं, त्यातून काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने. माझा सगळा चोरटा माल तिच्या अंगावर होता. मी डोळे मिटून घेतले. पण अप्पा जुईकडे बघतच नव्हते. त्यांनी वाकून भाकरी उचलली. जुईने ती आधीच बाजूला सारली होती, कारण ती भाकरी खात नव्हतीच. भाकरीखाली जे होतं ते खात होती.

"ही गुळाची पोळी," अप्पा म्हणाले. "ही कुठून आली?"

सगळ्या बार्शीने माना पुढे काढल्या.

"मी केली," माई म्हणाल्या.

"आपल्याकडे संक्रांतीला..."

"ठाऊक आहे. एकोणचाळीस वर्षं ऐकतेय. आणि एकोणचाळीस वर्षं घालतेय भाकरीखाली. तुम्ही पान ठेवता, हात जोडता आणि आत येता. खाली वाकून कधी बघितलंत?"

"दरवर्षी?"

"दरवर्षी. सासूबाई घालायच्या. त्यांच्या सासूबाई घालायच्या. कावळ्यांनी कधी तक्रार केली नाही."

अप्पा हातात भाकरी धरून तसेच उभे. माई मग त्यांच्याशी बोलल्यासारख्या नाही, माझ्याशी बोलल्यासारख्या बोलल्या. "सासूबाईंनी मला सांगितलं ते तुलाही सांगणारच होते. सुतक-बितक काही नव्हतं गं. पुरुषांनी केलं त्याचं सुतक. ती रामाजींची बायको, नाव कुणाला माहीत नाही तिचं, ती एवढंच म्हणाली होती, ते तिकडे उपाशी आहेत म्हणतात, आपण इथे कसली गुळाची पोळी खायची? ते येऊन जेवले, की मग करू संक्रांत. आणि आज येतील उद्या येतील म्हणून त्यांची पोळी मात्र करून ठेवायची. झाकून. कुणी बघायला नको म्हणून."

जुईने तेवढ्यात पोळीचा उरलेला तुकडा संपवला, हात झटकले आणि वर बघून, ज्या आवाजात ती आजवर फक्त 'नको' म्हणत आली होती त्या आवाजात, म्हणाली, "आन."

सरांच्या सौभाग्यवतींनी डोळ्याला पदर लावला. सर खाकरले. "अष्टमीचं मी म्हणत होतो ते..."

"ते अष्टमीला करू," अप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून. संक्रांत मोकळी." मग ते माईंकडे वळले. आवाजात तक्रार होती, अगदी लहान मुलाची. "रामाजीला दरवर्षी. आणि मला?"

"तुम्हाला कशी देणार? तुमच्याकडे संक्रांत नाही ना."

हशा असा उसळला की गाडीत सतबीर जागा झाला.

"केतकी," माई म्हणाल्या, "आता उभी काय राहिलीस? बोरं काढ. तीनदा धुतली आहेस ना?"

मग जे झालं त्याला बेत म्हणता येणार नाही. जुईला पानावरच बसवलं होतं. मी बोरं ओतली, माईंनी चुरमुरे, बार्शीच्या बायकांनी आपापल्या पिशव्यांतून तिळगूळ, शेंगदाणे, कुणी तर चक्क चिवडा. खर्डेकर सरांनी हारातली झेंडूची फुलं ओरबाडून टाकली. जुई टाळ्या पिटत होती आणि पडेल ते तोंडात घालत होती. बोरांतली बी काढायला मी तिच्यापुढे मांडी घालून बसले, जंतुनाशकाची बाटली कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. आणि त्या पांढऱ्या चुरमुऱ्यांच्या सड्यावर, धुक्यातून, एक, दोन, दहा, पंचवीस कावळे उतरले.

अप्पांनी त्यांच्याकडे कमरेवर हात ठेवून बघितलं. "आत्ता? गाडी गेली."

सोमवारी जुईचं वजन सात किलो नऊशे पन्नास भरलं. डॉक्टर म्हणाले, तापानंतरची भूक अशीच एकदम परत येते. मीही विज्ञानाचीच, मला ते पटलं. आमच्याकडे संक्रांतीला तेव्हापासून दर वर्षी पोळ्या होतात, आणि अष्टमीला रामाजीच्या पानात भाकरीखाली ठेवायला मी एक वेगळी करते. तेही मला पटतं.

परत निघताना दुपार झाली होती. धुकं उठलं आणि पहिल्यांदाच ते मैदान दिसलं. पिवळीधमक मोहरी, पार टोकापर्यंत. आम्ही गाडीत बसलो. जुई माझ्या मांडीवर झोपली, मुकुट अर्धा चघळलेला. माईंनी डब्याच्या तळातून एक पोळी काढून सतबीरला दिली, एक मिलिंदला. तिसरी दाराशी उभ्या असलेल्या अप्पांच्या हातावर ठेवली. सदुसष्टाव्या वर्षी, आपल्या घरची संक्रांतीची पहिली पोळी. त्यांनी चावून बघितली.

"तूप नाही?"

"पानिपतावर कुठलं तूप?" माई म्हणाल्या.

ते खात राहिले, शेवटच्या तुकड्यापर्यंत. हात झटकले, मफलर सारखा केला. मग सवयीने मोजायला सुरुवात केली. मिलिंद, मी, जुई, माई, सतबीर, स्वतः. मोजून झालं. पण थाप पडेना. मी मान वर करून पाहिलं. अप्पा आमच्याकडे पाठ करून उभे होते, मोहरीच्या शेताकडे तोंड करून.

"कुणी राहिलं नाही ना?" त्यांनी विचारलं. जरा मोठ्याने, फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जावं एवढ्या.

सतबीर काहीतरी बोलणार होता, त्याला मिलिंदने खांद्याला हात लावून थांबवलं. आम्ही सगळ्यांनी वाट बघितली, जेवढी वाट एखादी शहाणी गाडी बघते तेवढी.

मग आतून माई म्हणाल्या, "नाही. आले सगळे. बसा आता."

टण्‌ टण्‌.